अंधाराला डोळे सरावताना

बालरोगतज्ज्ञाने स्मरणिकेसाठी लेख द्यायचा म्हटला की लसीकरण, स्तनपान किंवा परीक्षेचा ताण यांपैकी एखादा विषय गृहीत धरला जातो. या तिन्ही विषयांवर माझे लिहून झाले आहे. म्हणून या वर्षी संपादकांच्या परवानगीने एका छंदाविषयी लिहितो. रात्रीच्या आकाशाची आणि ग्रहणांची छायाचित्रे काढणे हा तो छंद. मात्र ज्या दिवशी तो मला लागला, त्या दिवसाचे एक देणे माझ्याकडून राहून गेले होते. त्याचा हिशेबही येथे मांडायचा आहे.

तो दिवस होता २२ जुलै २००९. त्या पहाटेच्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा सुरतेकडून येऊन इंदूर, भोपाळ, वाराणसी, पाटणा असा पूर्वेकडे गेला. पॅसिफिक महासागरात त्याची खग्रास स्थिती साडेसहा मिनिटांहून अधिक टिकली. या शतकातील ते सर्वांत दीर्घ ग्रहण होते. आम्हा इंदूरकरांच्या वाट्याला तीनएक मिनिटे होती, तीही घराच्या गच्चीवरून. असा योग एका जन्मात दुसऱ्यांदा येत नाही, म्हणून मी नवा डिजिटल कॅमेरा घेऊन पहाटेपासून गच्चीवर उभा होतो.

आषाढाने आपला शब्द पाळला. आभाळ गच्च भरलेले. सहा वाजून वीस मिनिटांनंतर एखाद्याने दिवा मालवावा तसा अंधार झाला. पाखरे गप्प झाली, रस्त्यावरचे दिवे लागले. मी घाईघाईने ढगांकडे कॅमेरा रोखून कळ दाबली, आणि स्वयंचलित पद्धतीवर ठेवलेल्या त्या यंत्राने अंधार पाहून इमानाने फ्लॅश उडवला! सूर्याला फ्लॅश दाखवणारा मी बहुधा शहरातला एकमेव डॉक्टर असेन. शेजारच्या गच्चीवरची मंडळी हसली, मीही हसलो.

खाली मधल्या खोलीत मात्र माझी धाकटी भावजय बसली होती. तिला सातवा महिना होता. खिडक्यांना चादरी लावलेल्या, जमिनीवर चटई, पाय सरळ पसरलेले. बोट वाकवायचे नाही, विळी-सुरीला हात लावायचा नाही, पाण्याचा घोटही घ्यायचा नाही. आदल्या रात्री आईने हे सारे ठरवले, ते मायेपोटीच. "दोन तासांचा तर प्रश्न आहे, तिचं काय बिघडणार आहे?" असे ती म्हणाली. गर्भाचा वरचा ओठ सहाव्या-सातव्या आठवड्यापर्यंत आणि टाळू बाराव्या आठवड्याच्या सुमारास जुळून येतो, हे मी विद्यार्थ्यांना शिकवीत असे. सातव्या महिन्यात आकाशातील कोणतीही सावली तो ओठ दुभंगू शकत नाही, हे सांगायला घरात माझ्याइतका अधिकारी माणूस दुसरा नव्हता. मी काही बोललो नाही. मला ट्रायपॉड शोधायचा होता.

ग्रहण हुकले, पण त्या तीन मिनिटांच्या अंधाराने मनात घर केले. पुढल्या हिवाळ्यात मी पद्धतशीर शिकायला बसलो. पहिला धडा असा की शहरात राहून आकाश शिकता येत नाही. मांडवच्या वाटेवर एका बालरुग्णाच्या वडिलांचे शेत आहे. अमावास्येच्या आसपासचे शनिवार तेथे जाऊ लागले. पहिल्या रात्री गाडीतून उतरल्यावर मोजके तारे दिसले आणि मी खट्टू झालो. शेतकरी म्हणाला, "डॉक्टरसाहेब, जरा थांबा." अर्ध्या तासाने मान वर केली तेव्हा मृगाच्या चार तारांमध्ये आणि भोवती इतकी गर्दी होती की नेहमीची नक्षत्रे ओळखेनात.

यामागचे शरीरशास्त्र आपण सर्वांनी पाठ केलेले आहे. दृष्टिपटलातील दंडपेशींमधले ऱ्होडॉप्सिन उजेडात विरते आणि पूर्ववत होण्यास वीस ते तीस मिनिटे घेते. त्याच्या घडणीला 'अ' जीवनसत्त्व लागते, म्हणून तर आपण नवव्या महिन्यापासून बालकांना त्याच्या मात्रा देतो. रातांधळेपणाचे प्रश्न मी परीक्षांत वर्षानुवर्षे विचारले. परंतु आपल्याच डोळ्यांत दंडपेशी हळूहळू जाग्या होताना अनुभवल्या त्या चाळिशीत, एका शेताच्या बांधावर. तांबड्या उजेडाने त्या फारशा विचलित होत नाहीत, म्हणून विजेरीला लाल कागद लावायचा. पीतबिंदूच्या मध्यभागी दंडपेशी नसतातच; म्हणून देवयानीची अंधूक दीर्घिका पाहायची तर तिच्याकडे थेट न पाहता किंचित बाजूला पाहायचे.

कॅमेऱ्याचे गणित त्या मानाने सोपे निघाले. स्वयंचलित सारे बंद करायचे. भिंगाचे छिद्र शक्य तितके उघडे, आयएसओ १६०० ते ३२००, आणि पडदा पंधरा-वीस सेकंद उघडा. त्याहून अधिक वेळ ठेवला तर पृथ्वी स्वस्थ बसत नाही. तासाला १५ अंश या गतीने ती फिरते आणि ताऱ्यांचे ठिपके रेघा होतात. ढोबळ नियम असा की ५०० ला भिंगाच्या नाभीय अंतराने भागावे. येईल तेवढे सेकंद मिळतात. लहान संवेदकाच्या कॅमेऱ्यात ते अंतर आधी दीडपट धरावे. म्हणजे १८ मिलिमीटरच्या भिंगाला सुमारे १८ सेकंद. फोकस मात्र हातानेच जुळवायचा. भिंगावरील अनंताच्या खुणेवर विसंबू नये. पडद्यावर एखादा तेजस्वी तारा मोठा करून तो टाचणीच्या टोकाएवढा होईपर्यंत कडे फिरवावे. रेघाच हव्या असतील तर ध्रुवाकडे तोंड करून तासभर एकामागून एक चित्रे घ्यावीत. आमच्याकडे ध्रुव क्षितिजापासून सुमारे २३ अंशांवर आहे, कारण जेवढे अक्षांश तेवढीच त्याची उंची. पहाटे भिंगावर दव धरते आणि थंडीत बॅटरी लवकर मान टाकते; एक जादा बॅटरी अंगरख्याच्या आतल्या खिशात ठेवावी.

१० डिसेंबर २०११ रोजी संध्याकाळी खग्रास चंद्रग्रहण होते. आकाश निरभ्र, आणि मी पुन्हा नापास. खग्रास चंद्र पौर्णिमेच्या चंद्राहून हजारो पटींनी मंद असतो हे ध्यानात न घेतल्याने निम्मी चित्रे काळी आली, उरलेली हलली. ३१ जानेवारी २०१८ ला मात्र तयारी पुरी होती. आमच्याकडे चंद्र उगवला तोच ग्रासलेला, आणि थोड्याच वेळात तांब्याच्या जुन्या पैशासारखा झाला. ३०० मिलिमीटरचे भिंग, आयएसओ ८००, एक सेकंद. गच्चीवर माझ्या शेजारी आठ वर्षांची पुतणी उभी होती. २००९ च्या त्या पहाटे चटईवर आईच्या पोटात असलेली. "काका, चंद्र लाल का झाला?" या प्रश्नाला उत्तर दिले: पृथ्वीच्या कडेने वातावरणातून वळून जाणारा प्रकाश तेवढा त्याच्यावर पडतो आहे. निळा वाटेत विखुरला, तांबडा पोचला. या क्षणी जगात जेथे जेथे सूर्योदय आणि सूर्यास्त होत आहेत, त्या साऱ्यांचा उजेड तुला चंद्रावर दिसतो आहे. ती बराच वेळ बोलली नाही.

चंद्रग्रहण नुसत्या डोळ्यांनी खुशाल पाहावे; सूर्यग्रहणाचा कायदा वेगळा. भिंगाच्या पुढच्या बाजूस प्रमाणित सौर फिल्टर हवा, जो प्रकाशाचा सुमारे एक लाखावा भागच आत सोडतो. फक्त खग्रास स्थितीच्या त्या मोजक्या मिनिटांत तो काढायचा. कंकणाकृती ग्रहणात कधीच नाही. येथे आपल्या व्यवसायालाही कबुली द्यावी लागेल. जुन्या एक्स-रे फिल्म ग्रहणासाठी वाटण्याची पद्धत आपल्याच दवाखान्यांतून रुजली. त्यांतून दिसणारा प्रकाश कमी भासतो, पण अवरक्त किरण जातात. दृष्टिपटलाला वेदना होत नाहीत, म्हणून भाजल्याचे त्या वेळी कळत नाही. मुलांच्या डोळ्यांचे भिंग अधिक पारदर्शक, म्हणून धोकाही अधिक.

२६ डिसेंबर २०१९ चे कंकणाकृती ग्रहण पाहायला आम्ही सहकुटुंब केरळात, कासरगोड जिल्ह्यातील चेरुवत्तूरला गेलो. याच किनाऱ्यावरील बेकल येथून लॉर्ड लिंडसे यांच्या पथकातील हेन्री डेव्हिस यांनी १२ डिसेंबर १८७१ च्या खग्रास ग्रहणाची छायाचित्रे घेतली होती. आपल्या विजयदुर्गावरही २२ जानेवारी १८९८ चे ग्रहण पाहायला नॉर्मन लॉकयर इंग्लंडहून पथक घेऊन आले होते. ज्या सूर्यबिंबाकडे पाठ करून आपण दारे लावून घेतो, त्यासाठी लोक सातासमुद्रांपलीकडून येत.

सकाळी साडेनवाच्या सुमारास चंद्र सूर्यात नीट बसला आणि सुमारे तीन मिनिटे बांगडी तळपत राहिली. त्या दिवशी फ्लॅश उडाला नाही. चित्रे झाल्यावर मी मागे पाहिले. भावजय ग्रहणाचा चष्मा उतरवून वाळूवर बसली होती. हातात पाण्याची बाटली. ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, "भाऊजी, त्या दिवशी मला फार तहान लागली होती." त्यात तक्रारीचा सूर नव्हता. दहा वर्षे मनात राहिलेली एक गोष्ट तिने सांगितली, एवढेच. मला उत्तर सुचले नाही. आजही सुचलेले नाही.

त्या कंकणाचे चित्र मी दवाखान्यात तपासणीच्या टेबलासमोर लावले. २०२० च्या नोव्हेंबरात धार जिल्ह्यातील एक तरुण आई दुभंगलेल्या ओठाचे तान्हे घेऊन आली. २१ जूनच्या ग्रहणात तिने भेंडी चिरली होती. सासूने ते बोलून दाखवले. आईने मान खाली घातली. पूर्वीचा मी शस्त्रक्रियेची चिठ्ठी लिहून मोकळा झालो असतो. या वेळी कागदावर महिने मांडले. ग्रहणाच्या दिवशी तिला पाचवा महिना होता. ओठ घडतो तो दुसऱ्या महिन्यात. भेंडी चिरण्यापूर्वी दोन-अडीच महिने जे व्हायचे ते होऊन गेले होते, आणि त्यामागे आनुवंशिकतेसह अनेक कारणे असू शकतात. मग भिंतीवरील चित्र दाखवले. "हे ग्रहण मी डोळ्यांनी पाहिलं आहे. सावली आहे ती, सुरी नव्हे." सासूबाईंनाही दोष दिला नाही, माझी आईसुद्धा तशीच होती. ओठाची शस्त्रक्रिया तीनएक महिन्यांनी होते, बाळ छान दिसेल, असे सांगितल्यावर त्या आईने प्रथमच बाळाच्या चेहऱ्यावरचा पदर बाजूला केला.

माझ्या संग्रहात आकाशगंगेची बरी चित्रे आहेत, ध्रुवाभोवतीची वर्तुळे आहेत. पण छंदाने काय दिले असे कोणी विचारले तर मी तो पदर सांगेन.

२ ऑगस्ट २०२७ रोजी दुपारनंतर आपल्याकडून खंडग्रास सूर्यग्रहण दिसेल. इजिप्तमध्ये लक्झरजवळ ते सहा मिनिटांहून अधिक काळ खग्रास असेल, आणि जमले तर पुतणीला घेऊन तिकडे जाण्याचा विचार आहे. आपणही चष्मे, फिल्टर, ट्रायपॉड आतापासून जमवावेत. हौस म्हणून कॅमेरा घ्यावा, आणि नसला तरी काही बिघडत नाही. मात्र त्या दुपारी आपल्या घरात, शेजारी वा ओळखीत कोणी गर्भवती दार लावून बसली असेल तर गच्चीवर जाण्यापूर्वी तिच्या दारावर टकटक करावी, आणि पाण्याचा पेला तिच्या हाती द्यावा. हे काम डॉक्टरांनी केले तर ते घरात लवकर पटते. मी ते एकदा चुकवले आहे.