प्रवेश घेण्याआधी लांबचं कॉलेज एकदा पाहून या

ताईंनो, गटाच्या वहीत शिक्षणासाठी घेतलेलं अंतर्गत कर्ज आता नवं राहिलेलं नाही. शेळीसाठी, शिलाई मशीनसाठी घेतो तसंच पोरीच्या फीसाठीही आपण कर्ज घेतो. पण शेळी घेताना आपण बाजारात जातो, तिचे दात बघतो, कास बघतो, दोन बायांना विचारतो. पोरीचं कॉलेज मात्र मोबाईलवरच्या फोटोवर नाहीतर कुणी हातात दिलेल्या पत्रकावर ठरतं.

पोर गेली आणि दोन महिन्यांत परत आली, तर भरलेली फी अडकते, वर्ष जातं आणि घरात "आता पुरे झालं शिक्षण, स्थळं बघा" हे सुरू होतं. खोली मिळाली नाही, जेवण परवडलं नाही, संध्याकाळच्या रस्त्याची भीती वाटली, अशी साधी कारणं असतात. यातली बरीच कारणं एका फेरीत आधीच दिसली असती. ही फेरी कशी करायची ते या लेखात सांगत आहोत.

विद्यापीठ वेगळं, कॉलेज वेगळं

पहिलं हे नीट समजून घ्या. आपलं विद्यापीठ जळगावला, बांभोरीजवळ गिरणेच्या काठी आहे. ते १९९० साली पुणे विद्यापीठातून वेगळं झालं आणि २०१८ साली त्याला बहिणाबाईंचं नाव मिळालं. जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तीन जिल्हे त्याच्याकडे आहेत. विद्यापीठाच्या आवारात मुख्यतः एम. ए., एम. एस्सी. असे पदवीनंतरचे विभाग चालतात. बी. ए., बी. कॉम., बी. एस्सी. गावोगावच्या संलग्न कॉलेजांत होतं.

पुण्याचंही तसंच. "पुणे विद्यापीठाची पदवी" असं पत्रकावर लिहिलेलं असलं तरी कॉलेज पुण्यातच असेल असं नाही. नाशिक आणि अहिल्यानगर जिल्ह्यातली कॉलेजंही त्याच विद्यापीठाला जोडलेली आहेत. म्हणून पोर रोज ज्या इमारतीत बसणार आणि रात्री जिथे झोपणार, ती जागा बघायची. विद्यापीठाच्या गेटजवळ फोटो काढून परत आलात तर बघणं झालंच नाही.

यातून एक फायदाही होतो. बी. एस्सी. कृषी करायचं म्हटलं की राहुरीचं नाव निघतं. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं एक कृषी महाविद्यालय धुळ्यातच आहे आणि पदवी त्याच विद्यापीठाची मिळते. दोन्ही जागा बघून या, मग ठरवा. लांबचं म्हणजे भारी असं नसतं, आणि जवळचं म्हणजे आपोआप चांगलं असंही नसतं.

कधी जायचं?

पसंतीक्रम भरायच्या आधी. ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. इंजिनिअरिंगसारख्या अभ्यासक्रमांचे प्रवेश सीईटी कक्षाच्या केंद्रीय फेऱ्यांतून होतात. ऑनलाइन अर्जात कॉलेजांची नावं क्रमाने भरावी लागतात. पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचं कॉलेज लागलं की तेच पक्कं धरलं जातं, पुढच्या फेरीत बदल मिळत नाही. न बघितलेलं कॉलेज पहिल्या क्रमांकावर टाकलं आणि तेच लागलं, तर मग बघून काय उपयोग?

शक्य असेल तर पोर अकरावीत असतानाच, कापसाची वेचणी उरकली की हिवाळ्यात एक चक्कर मारा. ते जमलं नाही तर बारावीचा शेवटचा पेपर झाल्यावर जा. पुढे मृगाची पेरणी आणि प्रवेशाची धावपळ एकत्रच येते, तेव्हा घरातून पाय निघत नाही. रविवारी किंवा दिवाळीच्या सुट्टीत जाऊ नका. वर्ग चालू असतील त्या दिवशी जा. आदल्या दिवशी कॉलेजच्या कार्यालयात फोन करून वसतिगृह आतून बघायला मिळेल का, कोणाला भेटायचं, हे विचारून घ्या.

प्रवास

एस. टी.त महिलांना १७ मार्च २०२३ पासून राज्यात अर्ध्या तिकिटात प्रवास करता येतो. मायलेकी दोघी गेल्या तरी मिळून एका पूर्ण तिकिटाएवढेच पैसे लागतात. एकाच गावातल्या दोन-तीन मायलेकी मिळून गेल्या तर सोबतही होते. एकीच्या ध्यानात न आलेली गोष्ट दुसरी विचारते.

पोर पुढे ज्या गाडीने ये-जा करणार आहे, त्याच गाडीने जा. शेजाऱ्याच्या मोटारीतून गेलात तर प्रवास किती अवघड आहे ते कळणार नाही. गाडी कुठे बदलावी लागते, शेवटची एस. टी. किती वाजता, उतरल्यावर कॉलेजपर्यंत रिक्षा किती घेते, हे सगळं वहीत लिहा.

तिथे काय बघायचं?

आधी वसतिगृह बघा. कॉलेजात प्रवेश मिळाला म्हणजे वसतिगृहात जागा मिळाली, असं बहुतेक ठिकाणी होत नाही. त्याचा अर्ज वेगळा, यादी वेगळी. म्हणून हे विचारा:

• मुलींसाठी जागा किती, आणि पहिल्या वर्षाला किती?
• यादी कधी लागते? तोपर्यंत पोरीने राहायचं कुठे?
• जागा नाही मिळाली तर बाकीच्या मुली कुठे राहतात? ती खोलीही बघून या.
• रेक्टर मॅडम रात्री तिथेच राहतात का? गेट किती वाजता बंद होतं? पोर आजारी पडली तर दवाखान्यात कोण नेतं?

संडास-न्हाणीघर स्वतः आत जाऊन बघा. नळ सोडून पाणी येतं का बघा, दाराला आतून कडी आहे का बघा. पाळीच्या दिवसांत कापड-पॅड टाकायची सोय आहे का, तेही विचारा. मेसमध्ये एक वेळ जेवा. मग दिवेलागणीला वसतिगृह ते बसस्टॉप हा रस्ता पोरीला घेऊन पायी चाला. दिवे आहेत का, वर्दळ कशी आहे, ते तेव्हाच कळतं.

कॉलेजात प्रयोगशाळा आणि ग्रंथालय बघा. शिकवतात इंग्रजीत की मराठीतही समजावून सांगतात, हे सरांना विचारण्यापेक्षा मुलींना विचारा. आपल्या खान्देशातल्या मुली शोधा. अहिराणी कानावर पडली की पोरी मोकळेपणी बोलतात. "पहिले सहा महिने काय जड गेलं?" एवढं एकच विचारलं तरी पुष्कळ कळतं.

लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी प्रत्येक कॉलेजात अंतर्गत समिती असावी लागते. समितीतल्या सदस्यांची नावं कुठे लावली आहेत, ते विचारा. रॅगिंगवर महाराष्ट्रात १९९९ पासून कायद्याने बंदी आहे. त्यासाठी देशभराची मदतवाहिनी १८००-१८०-५५२२ आहे. हा नंबर पोरीच्या फोनमध्ये आजच टाकून द्या.

"मला कुठे इंग्रजी येतं?"

बऱ्याच ताया याच कारणाने मागे थांबतात आणि गावातल्या शिकलेल्या पोराला पाठवतात. जळगावच्या विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे, त्या आसोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्या कविता घरच्यांनी उतरवून घेतल्या म्हणून राहिल्या आणि त्यांच्या निधनानंतर १९५२ साली पुस्तकात आल्या. अक्षर न येणाऱ्या बाईचं नाव विद्यापीठाच्या फाटकावर असेल, तर त्या फाटकातून आत जायला तुम्हाला कसला संकोच? पाणी, कडी, दिवा आणि मेसची भाजी तपासायला इंग्रजी लागत नाही. कागदपत्रांचं पोर बघेल.

पैशाचा हिशेब

फी किती, असं मोघम विचारू नका. शिक्षण शुल्क, परीक्षा शुल्क, विकास शुल्क, वसतिगृह, मेस आणि अनामत हे आकडे वेगवेगळे लिहून घ्या. त्यातलं परत काय मिळणार, तेही विचारा.

२०२४-२५ पासून राज्य सरकारने व्यावसायिक अभ्यासक्रमांना केंद्रीय फेरीतून प्रवेश घेणाऱ्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस गटातल्या मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण भरून देण्याचा निर्णय घेतला आहे. त्यासाठी घरचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असावं लागतं. पण खोली आणि मेस यात धरलेली नाही. "फी माफ आहे" ऐकून निघालेल्या घराला खरा फटका तिथेच बसतो.

राहण्या-जेवणाच्या खर्चासाठी वेगळ्या योजना आहेत. अनुसूचित जातीच्या मुलींसाठी स्वाधार, आदिवासी मुलींसाठी स्वयम्, इतर मागासवर्गीय मुलींसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. समाजकल्याण आणि आदिवासी विकास विभागाची वसतिगृहंही आहेत. कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात थेट विचारा: मागच्या वर्षीच्या मुलींच्या खात्यात पैसे कोणत्या महिन्यात आले? तोपर्यंतचा खर्च घरातून किंवा गटाच्या कर्जातून भागवावा लागेल. कर्जाची रक्कम आणि हप्ता त्या हिशेबाने ठरवा.

घाईत पैसे भरू नका

"दोनच जागा उरल्या, आजच भरा" असं कुणी म्हणालं तर सावध व्हा. परराज्यातल्या नर्सिंग कॉलेजचा एजंट घरी आला, तर ते कॉलेज भारतीय नर्सिंग परिषदेच्या यादीत आहे का, ते आधी तपासा. बनावट विद्यापीठांची यादी विद्यापीठ अनुदान आयोग, म्हणजे यूजीसी, आपल्या संकेतस्थळावर लावतो. पैसे कॉलेजच्याच खात्यावर भरा आणि पावती घ्या. मूळ गुणपत्रिका आणि दाखले तपासून लगेच परत द्यावेत, अडकवून ठेवू नयेत, असं आयोगाने २०१८ साली संस्थांना बजावलं आहे. प्रवेश रद्द केला तर फी परत मिळण्याचेही नियम आहेत. मात्र जितका उशीर, तितके पैसे कमी मिळतात.

घरी आल्यावर

त्याच आठवड्यात घरातल्या सगळ्यांनी बसून बोला. आधी पोरीला बोलू द्या. राहायचं तिला आहे. तिला एखादी जागा नको वाटली तर "एवढा खर्च करून गेलो" म्हणून तिला गप्प करू नका. गाडीभाड्याचे पैसे गेले तरी वर्ष वाचलं. आणि ती "इथंच जाईन" म्हणाली, तर बापाला, काकाला सांगायला आता तुमच्याजवळ ऐकीव गोष्टी नाहीत. तुम्ही ती खोली, तो रस्ता, त्या मेसमधलं ताट स्वतः बघून आला आहात.

येत्या मासिक सभेत एक विषय ठेवा: आपल्या गटात यंदा अकरावी-बारावीला असलेल्या मुली किती, आणि त्यांना कुठे जायचं आहे? एकाच दिशेला जाणाऱ्यांची नावं एकत्र लिहा. गाडीभाड्यासाठी छोटं अंतर्गत कर्ज लागत असेल तर त्याच सभेत मंजूर करा. आणि जी ताई जाऊन येईल तिने आपली वही ग्रामसंघात ठेवावी, पुढच्या वर्षी दुसऱ्या पोरीला ती कामाला येईल.