मुलाचा ताबा आणि मनाची तपासणी

शिरूर/दौंड - पती-पत्नीच्या वादात मुलाचा ताबा कोणाकडे, हा प्रश्न न्यायालयापुढे आला, की आरोप बहुधा ठरलेले असतात : ‘तिच्या डोक्यावर परिणाम झाला आहे’, नाही तर ‘त्याने पोराला पढवून ठेवले आहे’. यातले खरे-खोटे जाणून घेण्यासाठी न्यायालय मानसशास्त्रीय मूल्यमापनाचा आदेश देऊ शकते. वेडाचा दाखला काढायला नेतात, असा समज करून घेऊन पक्षकार मात्र या शब्दालाच घाबरतात.

वस्तुतः हा दाखला नव्हे आणि उपचारही नव्हेत. उपचार करणारा डॉक्टर रुग्णाचा असतो. येथे तज्ज्ञ न्यायालयासाठी काम करतो. त्याच्यापुढे बोललेले अहवालात उतरते, हे पक्षकाराला आधीच सांगितले गेले पाहिजे. आई-वडिलांच्या स्वतंत्र मुलाखती, मुलाशी एकांतात बोलणे, मूल प्रत्येकाजवळ कसे वागते याचे निरीक्षण, शाळा-दवाखान्याच्या नोंदी आणि गरजेनुसार चाचण्या, असे या कामाचे स्वरूप असते. मुलाने काढलेल्या एखाद्या चित्रावरून निष्कर्ष काढणारा अहवाल उलटतपासणीत टिकणे कठीण.

वैवाहिक खटल्यात वैद्यकीय तपासणीचा आदेश देता येतो, मात्र त्यासाठी सकृद्दर्शनी सबळ कारण हवे, असे सर्वोच्च न्यायालयाने शारदा विरुद्ध धर्मपाल खटल्यात २००३ मध्ये स्पष्ट केले. केवळ मानसिक आजाराचे निदान झाले म्हणून कोणी विकल मनाचा ठरत नाही, असे २०१७ चा मानसिक आरोग्य कायदाही सांगतो.

खरी कसोटी लागते ती मारहाणीच्या प्रकरणांत. वर्षानुवर्षे मार खाल्लेली स्त्री तज्ज्ञापुढे रडते, चिडते, घटनांचा क्रम चुकवते. मारणारा मात्र शांतपणे, मुद्देसूद बोलू शकतो. अशा वेळी चाचणीत दिसलेले तिचे नैराश्य हा तिचा दोष मानला गेला, तर मारहाणीचा परिणामच तिच्याविरुद्धचा पुरावा ठरतो. दोघांना एकत्र बसवून बोलते करण्याचा प्रयत्नही धोक्याचा. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालील २००६ च्या नियमांनुसार समुपदेशनात हिंसेचे समर्थन करण्यास पतीला मुभा नाही. मूल्यमापन करणाऱ्यांनीही हे पथ्य पाळायला हवे.

कौटुंबिक न्यायालय पुण्यात असून तेथे समुपदेशकांची सोय आहे. शिरूर व दौंडमधील स्त्रीने हिंसाचाराची तक्रार केली, तर ती तालुक्याच्या न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे चालते. मदतीला संरक्षण अधिकारी असतो, पण क्लिनिकल मानसशास्त्रज्ञ हवा तर बहुधा पुणेच गाठावे लागते. रांजणगावच्या कारखान्यात पाळी करणाऱ्याला किंवा दौंडहून मूल कडेवर घेऊन रेल्वेने निघणाऱ्या आईला प्रत्येक बैठकीमागे दिवसाची मजुरी सोडावी लागते. अर्ज ६० दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा, असे कायदा म्हणतो. काळजीपूर्वक केलेल्या मूल्यमापनाला कित्येक आठवडे लागू शकतात. तोवर कलम २१ खाली मुलाच्या तात्पुरत्या ताब्याचा आदेश मागता येतो. हे कलम अर्जदार स्त्रीने आवर्जून लक्षात ठेवावे.

अहवाल न्यायालयावर बंधनकारक नसतो, तरीही त्याचे वजन कमी नाही. एका मुलाचा ताबा वडिलांना देण्याचा स्वतःचाच निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये फिरवला, तो मुलाच्या मनावर झालेला परिणाम तज्ज्ञांच्या अहवालांतून पुढे आल्यानंतर. जाणत्या मुलाची पसंती विचारात घेण्याची मुभा तर न्यायाधीशांना १८९० च्या पालक व पाल्य कायद्यापासूनच आहे.