मोबाईलमधली बालवाडी आणि वस्तीतले पोर

घुग्घुस हे कोळशाचे गाव. भोवती खाणी, सिमेंटचा आणि लोखंडाचा कारखाना. मराठी, तेलुगू आणि हिंदी या तिन्ही भाषा आमच्या वस्तीत एकाच नळावर ऐकू येतात. बाप पाळीवर, आई ठेकेदाराच्या कामावर; घरी म्हातारी आणि तीन-चार वर्षांचे पोर. पोर रडले की म्हातारी त्याच्या हाती मोबाईल देते. त्यात शिकण्याचे ॲप असते, म्हणून कोणाला वावगे वाटत नाही. उलट, "पोरगं शिकून रायलं जी," असे अभिमानाने सांगितले जाते.

शेजारच्या अशाच एका साडेतीन वर्षांच्या पोराने मला इंग्रजीत वीसपर्यंत आकडे म्हणून दाखवले. मी म्हणालो, "जा बापू, अंगणातून तीन खडे आण." त्याने मूठभर आणले. मोजायला सांगितले, तर एकाच खड्यावर बोट ठेवून त्याने चार आकडे म्हटले. पोर हुशार आहे. या वयात असे व्हायचेच. पण आकड्यांचे गाणे पाठ होणे वेगळे आणि तीन म्हणजे किती हे कळणे वेगळे. पहिले काम ॲप करते. दुसऱ्यासाठी खडे हाताळावे लागतात, आणि "अजून एक ठेव, आता किती झाले?" असे विचारणारे माणूस समोर असावे लागते.

हे केवळ माझे मत नव्हे. अमेरिकेत पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील नऊ महिन्यांच्या बाळांशी चिनी बोलणारी माणसे बारा वेळा येऊन खेळली, बोलली. ती बाळे चिनी ध्वनींमधला फरक ओळखू लागली. दुसऱ्या बाळांना तीच माणसे पडद्यावर दाखवली. त्यांना तो फरक कळला नाही. समोरचे माणूस बाळाची नजर कुठे आहे ते पाहते, थांबते, त्याच्या हुंकाराला उत्तर देते. ॲप बोटाला उत्तर देते खरे. बरोबर आले की टाळ्या वाजवते. पण पोर कुठे अडले हे विचारून ते त्याच्या बोलीत समजावत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले की, दोन ते चार वर्षांच्या मुलांना पडदा दिवसाला तासाहून अधिक नको, आणि त्याहून कमी असेल तर अधिक बरे.

बालशिक्षणाचा इतिहास आपण ध्यानात घेतला पाहिजे. माँटेसरीबाईंनी आपले पहिले बालगृह १९०७ साली रोममधल्या गरीब कामगारवस्तीत उघडले. आज त्यांच्या नावाच्या शाळा पैसेवाल्यांसाठी चालतात. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केले. वस्तीतली मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द तिथला. खडे, शिंपले, पाने हेच तिथले साहित्य होते. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि हा शब्द देशभर गेला.

त्या अंगणवाडीतल्या बाईच्या हातीही पुढे मोबाईल आला. वजन, उंची, हजेरी, आहार, सारे 'पोषण ट्रॅकर'मध्ये भरायचे. फोन निकृष्ट आणि ॲप इंग्रजीत, म्हणून ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या हजारो सेविकांनी ते फोन सरकारला परत केले. त्यांचा रोष यंत्रावर नव्हता. माहिती भरण्यात जो वेळ जातो तो पोरांच्या वाट्याचा असतो, हे आपण त्यातून समजून घ्यावे.

१८८२ साली जोतीरावांनी हंटर आयोगापुढे गाऱ्हाणे मांडले की, सरकारचा पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर जातो आणि बहुजनांचे प्राथमिक शिक्षण उपेक्षित राहते. आजची विषमता अधिक फसवी आहे. श्रीमंताच्या पोराला शिक्षिका, खेळणी, गोष्टी सांगणारी आई आणि वर ॲप. आमच्या पोराला नुसते ॲप. दोघांच्याही हाती मोबाईल आहे, म्हणून संधी समान झाली असे मानणे ही शुद्ध धूळफेक आहे. नवे शैक्षणिक धोरण २०२० साली आले, त्याने तिसऱ्या वर्षापासूनचे शिक्षण पायाभूत मानले. मग त्या पायावर प्रशिक्षित आणि पुरेसा पगार असलेले माणूस नेमले पाहिजे, ही मागणी आपल्या संघटनांनी का लावून धरू नये?

मी मोबाईल फेकून द्या म्हणत नाही. म्हातारीला दोष देणे तर अन्यायच होईल. दिवसभर राबलेल्या घराला तो एकच विसावा आहे. पण १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी ज्या चांद्यात दीक्षा दिली, त्या जिल्ह्यात वस्तीवस्तीला विहार आहे. संध्याकाळी तासभर तिथे पोरांना जमवू. शिकलेल्या मुलामुलींनी गोष्ट सांगावी, म्हातारीने तिच्या भाषेतले गाणे म्हणावे, तेलुगू पोराने तेलुगूत बोलावे. मोबाईल लागला तर एखादे चित्र दाखवण्यापुरता, आणि तो मोठ्याच्या हातात. मी खडे वेचून ठेवले आहेत. शेजारचे पोर परवा तीनच घेऊन आले.