जुनं ते सोनं... पण जुनं कशावरून?

1863 साली बोरघाटातून रेल्वे सुरू झाली आणि मुंबईच्या पैसेवाल्या मंडळींनी खंडाळा-लोणावळ्यात बंगले बांधायला घेतले. त्यांच्याबरोबर फर्निचरही घाट चढून आलं. वेताच्या आरामखुर्च्या, शिसवी टेबलं, बर्मा टीकची कपाटं. आज यातले कितीतरी बंगले पाडले जातात आणि सामान बाहेर पडतं. काही मुंबईच्या चोरबाजारात जातं, काही पुण्याच्या जुन्या बाजारात, तर काही चक्क जळणात! उलट कालच घडवलेलं टेबल 'अँटिक' म्हणून विकलं जातं. म्हणजे नुकसान दोन्हीकडून.

माझे वडील सुतारकाम करतात, सुट्टीत मी त्यांच्या हाताखाली असतो. हे कळल्यावर आमच्या एका सरांनी एक गोल टेबल घेताना मला सोबत नेलं. विक्रेता म्हणाला, "शंभर वर्षांचं आहे, साहेब!" किंमत सरांच्या दोन पगारांइतकी.

पहिला नियम : वस्तू उलटी करा. पॉलिश वरून होतं, खोटेपणा खाली सापडतो. टेबलाखाली मला अधिकच्या खाचेचे, म्हणजे फिलिप्स स्क्रू दिसले. हे स्क्रू 1930 च्या दशकात बाजारात आले. त्याआधीच्या स्क्रूला एकच सरळ खाच. अर्थात एखादा स्क्रू दुरुस्तीतही बदलला जातो, म्हणून एवढ्यावर निकाल द्यायचा नाही.

दुसरी परीक्षा आपल्या अभ्यासातली आहे. लाकूड सगळ्या दिशांना सारखं आकसत नाही. रेषांच्या दिशेने जवळपास नाहीच, आडवं मात्र आकसतं. (पावसाळ्यात होस्टेलच्या कपाटाचा ड्रॉवर का अडकतो, तेही याच गुणामुळे. ओल शोषून लाकूड आडवं फुगतं.) म्हणून सलग लाकडाचं जुनं गोल टेबल किंचित लंबगोल होतं. टेप घेऊन रेषांना समांतर आणि आडवं असं दोन्हीकडून मोजा. सरांच्या टेबलाचं माप दोन्हीकडे अगदी सारखं भरलं! फळी नवी असल्याचा संशय बळावला.

तिसरी खूण किडीची. किड्यांची भोकं पाहून लोक खूश होतात, 'जुनं आहे' म्हणतात. पण किडा बाहेर पडताना गोल भोक पाडतो, त्याचे बोगदे आत असतात. पृष्ठभागावर उघडी, नागमोडी नाळ दिसली तर समजावं, कीड आधी लागली आणि लाकूड नंतर कापलं. म्हणजे लाकूड जुनं, वस्तू नवी. भोकातून पांढरा ताजा भुसा पडत असेल तर कीड अजून जिवंत आहे. ती वस्तू खोलीत आणूच नका.

चौथी गोष्ट झिजेची. खुर्चीचे हात, पाय टेकायची आडवी पट्टी, ड्रॉवरच्या खालच्या कडा, जिथे माणूस लागतो तिथेच लाकूड झिजायला हवं. चारही बाजूंनी सारखी झीज म्हणजे सँडपेपरची कमाल.

आता एक सावधगिरी. अमेरिकेत जुन्या फर्निचरवर भरपूर पुस्तकं आहेत. तिथे खिळ्यांवरून काळ ठरवतात. साधारण 1800 पूर्वी लोहाराने ठोकलेले, नंतर यंत्राने कापलेले चौकोनी आणि 1890 नंतर तारेचे गोल खिळे. ड्रॉवरचे डव्हटेल सांधे ओबडधोबड असले तर हाताचे, म्हणून जुने. हा दुसरा नियम आपल्याकडे तसाच लावला तर फसाल! आपले सुतार आजही डव्हटेल हाताने कापतात. हाताचं काम हा इथे वयाचा पुरावा होत नाही. म्हणून एका खुणेवर न जाता तीन-चार खुणा एकमेकींशी जुळतात का, ते बघायचं.

कायदाही माहीत हवा. 1972 च्या पुरावशेष कायद्यानुसार ऐतिहासिक महत्त्वाची, शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी वस्तू खाजगी माणसाला परदेशी नेता येत नाही. परदेशातल्या काकांसाठी आरामखुर्ची घेणाऱ्यांनी हे आधी तपासावं.

सरांच्या टेबलाचं काय झालं? पाय खरोखर जुने निघाले, शिसवी आणि नीट झिजलेले. फळी नंतरची. सरांनी 'जुने पाय, नवी फळी' असाच भाव केला आणि बऱ्याच घासाघिशीनंतर निम्म्याहून कमी किमतीत टेबल घरी आलं.

आणि हो, खरं जुनं काही हाती लागलं तर लगेच खरवडून चकाचक पॉलिश मारू नका. वरचा तो काळसर थर बसायला अनेक वर्षं लागतात, खरवडायला एक दुपार पुरते. तेवढ्यात वस्तूची किंमतही जाते आणि तिचं वय सांगणारा पुरावाही.