नातवाचे थेट प्रक्षेपण आणि पिठाचा कोंबडा

गेल्या दिवाळीत निर्वाण लाडू चढवून झाल्यावर देसाईगंज येथे मुलाकडे गेलो, तेव्हा घरात अबोला होता. १७ वर्षांच्या नातवाला मोबाइलवरील खेळाचे 'लाइव्ह स्ट्रीमिंग' सुरू करायचे होते आणि त्याच्या वडिलांनी स्पष्ट नकार दिला होता. बापलेक एकाच पंगतीला बसत, परंतु मीठ मागायचे झाले तरी सुनेच्या मार्फत मागत. शेवटी प्रकरण माझ्यापुढे आले. बँकेत असताना कर्जाचा अर्ज न वाचता मी कधी मंजूरही केला नाही आणि फेटाळलाही नाही. म्हणून म्हटले, आधी सगळे समजून घेऊ.

आपण खेळत असताना पडद्यावर जे दिसते ते त्याच क्षणी इंटरनेटवरून लोकांना दाखवणे, त्यावर बोलणे आणि प्रेक्षकांच्या लेखी प्रश्नांना उत्तरे देणे, म्हणजे लाइव्ह स्ट्रीमिंग. याच कामासाठी २०११ साली सुरू झालेली 'ट्विच' ही सेवा अवघ्या तीन वर्षांत ॲमेझॉनने सुमारे ९७ कोटी डॉलरना विकत घेतली. आपल्याकडे हे मुख्यतः यूट्यूबवर चालते. एप्रिल २०२४ मध्ये पंतप्रधानांनी काही निवडक गेमर्सशी संवाद साधला. त्यांत मुंबईचे मिथिलेश पाटणकर होते आणि विदर्भाला लागून असलेल्या छिंदवाडा जिल्ह्यातील पायल धारे याही होत्या. तेव्हा हा केवळ रिकामटेकडेपणा आहे, असे म्हणून मला मोकळे होता येईना.

माझी खरी अडचण निराळी होती. नातवाला बंदुकीचा खेळ दाखवायचा होता. मी त्याला सप्तव्यसनांतील शिकारीची आठवण दिली. तो म्हणाला, "आजोबा, त्यात खरे कोण मरते?" तेव्हा त्याला यशोधर राजाची कथा सांगितली. आईच्या आग्रहावरून राजाने जिवंत प्राण्याऐवजी पिठाचा कोंबडा करून देवीपुढे बळी दिला. कोंबडा पिठाचा, पण संकल्प वधाचा. म्हणून माता व पुत्र दोघांनाही पुढील अनेक जन्म तिर्यंच गतीत भोगावे लागले. सोमदेवसूरींनी दहाव्या शतकात 'यशस्तिलक' रचले ते याच कथेवर.

नातू ऐकून क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, "पण राजाला मारायचेच होते. मला फक्त जिंकायचे असते." या उत्तराचे पूर्ण निरसन मला करता आले नाही, हे प्रांजळपणे सांगतो. मी एवढेच म्हणालो, "तू एकटा खेळतोस तेव्हा तुझा भाव तू जाण. पण लोकांना रोज बोलावून तेच दाखवणे निराळे." समंतभद्राचार्यांनी अनर्थदंडाचे जे पाच प्रकार सांगितले, त्यांत 'दुःश्रुती' आहे, म्हणजे मन कलुषित करणारे ऐकणे-ऐकवणे. खेळाडू एकटाच असतो, प्रक्षेपण करणारा मात्र अनेकांना निमित्त होतो.

तोड नातवानेच सुचवली. त्याला बुद्धिबळ चांगले येते. नाशिकचे ग्रँडमास्टर विदित गुजराथी यांनी २०२० च्या टाळेबंदीत विनोदवीर समय रैना यांच्यासोबत केलेली बुद्धिबळाची प्रक्षेपणे हजारो तरुणांनी पाहिली. 'चेसबेस इंडिया' हे काम सागर शाह आणि अमृता मोकल या दांपत्याने उभे केले. त्यांतील सागर हे चार्टर्ड अकाउंटंट आहेत, हे ऐकून माझे वाणिज्य शाखेचे मन सुखावले. आणि जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने बाटुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकला, तो अंतिम सामना आम्ही घरात बसूनच थेट पाहिला होता. 'लिचेस' या संकेतस्थळावर बुद्धिबळ विनामूल्य व जाहिरातींशिवाय खेळता येते. तेथूनच आरंभ करायचे ठरले.

ज्यांच्या घरी हा प्रश्न उभा आहे त्यांच्यासाठी व्यवहाराच्या गोष्टी नमूद करतो. यूट्यूबवर १६ वर्षांखालील मुलाला एकट्याने थेट प्रक्षेपण करता येत नाही. सोबत मोठे माणूस पडद्यावर दिसावे लागते. चॅनलसाठी दूरध्वनी क्रमांकाची पडताळणी झाल्यावर पहिली परवानगी मिळण्यास २४ तासांपर्यंत वेळ लागतो. मोबाइलवरून प्रक्षेपण करायचे तर किमान ५० सबस्क्रायबर हवेत. संगणकावरून ही अट नाही. त्यासाठी 'ओबीएस स्टुडिओ' ही प्रणाली विनामूल्य मिळते. आरंभी जुना लॅपटॉप आणि कानाला लावायचा माइक पुरेसा आहे. चित्र थोडे अस्पष्ट असले तर लोक सोसतात, आवाज नीट नसेल तर उठून जातात.

आपल्या भागात खरा प्रश्न इंटरनेटचा. येथे 'डाउनलोड' नव्हे, 'अपलोड'चा वेग पाहावा. ७२० पिक्सेलच्या साध्या चित्राला सुमारे ४ एमबीपीएस लागतात. हाताशी निदान ६ असावेत. या हिशेबाने तासाला १.८ जीबी खर्च होतो, म्हणजे मोबाइलचा रोजचा २ जीबीचा पॅक तासाभरात संपत आला म्हणून समजा. भामरागड-एटापल्लीकडील मुलांनी आधी खेळ नोंदवून ठेवावा आणि तालुक्याच्या गावी आल्यावर चढवावा, हेच शहाणपणाचे. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात दुपारी प्रक्षेपण करू नये. मोबाइल तापून बंद पडतो.

बँकेत आयुष्य गेल्यामुळे दोन गोष्टींचा आग्रह धरला. प्रक्षेपणापूर्वी सर्व नोटिफिकेशन बंद करायची, कारण पडद्यावर आलेला ओटीपी सगळ्या प्रेक्षकांना दिसतो. घराचा पत्ता, महाविद्यालयाचे नाव, खिडकीबाहेरचा रस्ता यांपैकी काही दाखवायचे नाही. चॅटमध्ये कोणी अपशब्द लिहिल्यास उत्तर न देता त्याला बंद करायचे. तिसरी गोष्ट कायद्याची. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैशांच्या खेळांवर बंदी आणली असून त्यांची जाहिरात करणेही गुन्हा आहे. द्यूत हे सप्तव्यसनांतील पहिले. कोणी पैसे देऊ केले तरी त्याची जाहिरात स्वीकारायची नाही.

उत्पन्नाचेही गणित मांडून दाखवले. जाहिरातींतील वाटा मिळण्यास १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात लोकांनी पाहिलेले ४,००० तास लागतात. तासाभराचे प्रक्षेपण सरासरी दहा जणांनी पूर्ण पाहिले तर ४०० प्रक्षेपणे व्हावी लागतील, म्हणजे एकही खाडा न करता वर्षाहून अधिक, आणि तोवर पहिली प्रक्षेपणे वर्षाबाहेर गेलेली असतील. नातवाने वहीत आकडे पुन्हा मांडून पाहिले. "म्हणजे पैशासाठी करायचे नाही," तो म्हणाला. मुलाने ते ऐकले आणि प्रथमच वर पाहिले.

शेवटी अटी ठरल्या. आठवड्यातून दोन दिवस, अभ्यास झाल्यावर, सूर्यास्तापूर्वीचे जेवण न चुकवता आणि एका वेळी ४८ मिनिटे, एका सामायिकाएवढा काळ. भाषा मराठी. पहिले प्रक्षेपण दुवा दिलेल्यांनाच दिसेल असे 'अनलिस्टेड' ठेवले. प्रेक्षक चार होते : चंद्रपूरची आत्या, अहेरीचा एक मित्र, शेजारच्या खोलीत बसलेलो मी आणि नाव न लावलेले एक जण. अहेरीचे नेटवर्क दोनदा गेले. बाराव्या चालीला नातवाने वजीर फुकट घालवला आणि स्वतःच हसला. तेवढ्यात त्या निनावी प्रेक्षकाने चॅटमध्ये लिहिले, "घोडा आधी बाहेर काढायला हवा होता."

नातवाने आवाज ओळखावा तसे ते वाक्य ओळखले. लहानपणी त्याला बुद्धिबळ वडिलांनीच शिकवले होते. रात्री मी निजायला गेलो, तेव्हा पुढच्या खोलीत पट मांडलेला होता आणि दोघे तोच डाव पहिल्या चालीपासून पुन्हा लावत होते.