फुफ्फुसाची तपासणी नेवाशात कुठे अडते?

प्रवराकाठच्या नेवासा तालुक्यातील एखादा साठीचा शेतकरी डोळ्यांसमोर आणावा. विशीपासून विडी ओढणारा, अजून रानात राबणारा, खोकला 'नेहमीचाच' म्हणून अंगावर काढणारा. त्याच्या फुफ्फुसात कर्करोगाची गाठ वाढत असेल, तर ती वेळीच दिसणार कशी? लहान गाठ दुखत नाही. थुंकीतून रक्त पडू लागते, वजन उतरते, तोवर रोग बहुधा शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेलेला असतो. 'ग्लोबोकॅन'च्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात या रोगाचे ८० हजारांहून अधिक नवे रुग्ण होते आणि सुमारे ७५ हजार मृत्यू.

लक्षणे दिसण्यापूर्वीच गाठ हेरण्याचे साधन उपलब्ध आहे, ते म्हणजे कमी मात्रेचा सीटी स्कॅन. नेहमीच्या स्कॅनच्या मानाने किरणांची मात्रा बरीच कमी असते, इंजेक्शनही द्यावे लागत नाही. अमेरिकेत दीर्घकाळ धूम्रपान केलेल्या ५३ हजारांहून अधिक लोकांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. साध्या एक्स-रेच्या तुलनेत या स्कॅनमुळे फुफ्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू २० टक्क्यांनी घटले होते. युरोपातील 'नेल्सन' चाचणीने २०२० मध्ये त्यास दुजोरा दिला.

मग ही तपासणी नेवाशात का नको? यंत्रे आणि पैसा कमी, हे उत्तर चटकन दिले जाते. ते खरे असले तरी अपुरे आहे. मुळात तपासायचे कोणाला, हेच ठरलेले नाही. अमेरिकेचा २०२१ पासूनचा निकष असा : वय ५० ते ८०, रोज एक पाकीट याप्रमाणे किमान २० वर्षे सिगारेट, आणि सोडली असल्यास १५ वर्षांच्या आत. विडीचा हिशेब या मापात कसा बसवायचा? शिवाय २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ अवघे ३.८ टक्के आढळले, तर तंबाखू चघळणारे व मिश्री लावणारे २४.४ टक्के. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील ४८९ रुग्णांच्या, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तर निम्म्याहून अधिक रुग्णांनी कधीच धूम्रपान केले नव्हते. चुलीच्या धुरात वर्षानुवर्षे स्वयंपाक केलेली बाई अमेरिकी निकषात कुठेच बसत नाही.

दुसरी अडचण क्षयाची. बऱ्या झालेल्या क्षयाचे व्रण आणि गाठी स्कॅनमध्ये दिसतात व संशय निर्माण करतात. अमेरिकेच्या चाचणीतही जवळपास दर चार स्कॅनमागे एकात संशयास्पद काही आढळले, आणि त्यांतील ९६ टक्के कर्करोग नव्हतेच. क्षयाचे प्रमाण मोठे असलेल्या आपल्या देशात हा गोंधळ वाढणार, हे उघड आहे. प्रत्येक संशयामागे पुन्हा स्कॅन, कधी सुईने तुकडा काढणे, आणि मधल्या काळात घरातल्यांची झोप उडणे आलेच.

त्यात तपासणी एकदाची नव्हे, दरवर्षीची. अहिल्यानगर असो वा छत्रपती संभाजीनगर, नेवाशाहून पन्नास-साठ किलोमीटर. ऊसतोडीच्या हंगामात धडधाकट माणूस मजुरी बुडवून तिकडे जाईल, ही अपेक्षा भाबडी ठरते. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा भर उपचारांवर आहे. तिशीनंतरच्या सरकारी तपासणीत मुख, स्तन आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग येतो, फुफ्फुसाचा नाही.

या परिस्थितीत सरसकट स्कॅनचा आग्रह धरण्यापेक्षा तातडीचे काम वेगळेच आहे. छातीतील सावली क्षयाची समजून महिनोन्‌महिने औषधे दिली जातात आणि मागाहून कर्करोग निघतो, हा अनुभव डॉक्टरांना नवा नाही. थुंकीत क्षयाचे जंतू सापडत नाहीत आणि औषधे सुरू असूनही खोकला हटत नाही, अशा रुग्णाला नेहमीचा सीटी स्कॅन हवा. ती चाळणी तपासणी नव्हे, निदानच. त्यासाठी ५० वर्षे वयाची किंवा सिगारेटच्या पाकिटांची अट नाही.