फायटरला हवंय ऐसपैस घर!

मत्स्यालयाच्या दुकानात छोट्या बाटल्यांमधून एकेकटे ठेवलेले निळे-लाल फायटर, म्हणजेच बेट्टा मासे, एवढ्याशा पाण्यात तगतात कसे? कल्ले असतातच, शिवाय डोक्यात लॅबिरिंथ नावाचं खास इंद्रिय असतं. मासा अधूनमधून वर येऊन थेट हवेचा घोट घेतो! दुर्दैवाने ही करामतच त्याच्या मुळावर आली आहे. बाटलीत जगतो, म्हणून लोक त्याला बाटलीतच ठेवतात. तिथे तो गुदमरत नाही, पण साठत जाणारा अमोनिया त्याचे कल्ले जाळतो. म्हणून टाकी निदान पंधरा-वीस लिटरची हवीच. त्यातला अमोनिया पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये रुजायला काही आठवडे लागतात, तेव्हा घर आधी, मासा नंतर.

मूळचा हा थायलंड आणि आसपासच्या देशांतला. 2019 मध्ये थायलंडने त्याला राष्ट्रीय जलचराचा मान दिला. तिथल्या भातखाचरांत आणि दलदलीत पाणी उथळ, संथ आणि वनस्पतींनी गच्च भरलेलं असतं. रानातल्या नराचे पर आखूड असतात. झुळझुळीत लांब शेपट्या माणसाने निवडून-निवडून वाढवल्या. त्या सांभाळत जोरदार प्रवाहात पोहताना मासा दमून जातो, म्हणून फिल्टर मंद हवा.

फुलदाणीत वर रोप, खाली फायटर, आणि मुळं खाऊन मासा जगतो, ही निव्वळ थाप! तो किडे आणि डासांच्या अळ्या खाणारा शिकारी आहे.

पाणी 24 ते 28 अंश सेल्सिअस. पुण्या-नाशिकच्या थंडीत छोटा हीटर लागतोच.

झाकण विसरू नका, फायटर पट्टीचा उडी मारणारा आहे. पाणी मात्र काठोकाठ भरू नका. श्वासासाठी वर हवेची जागा राहू द्या.

सगळ्यात सुंदर सजावट फुकट मिळते! मुंबई-कोकणात जागोजागी दिसणाऱ्या देशी बदामाचं आपोआप गळलेलं, वाळलेलं पान धुऊन टाकीत टाका. झाडावर औषध फवारलेलं नाही एवढी खात्री करा. पानातलं टॅनिन उतरून पाणी चहासारखं तांबूस होतं, किंचित आम्लही. आग्नेय आशियातले मासेपालक ही पानं आवर्जून वापरतात, आणि फायटर त्यांच्याखाली मजेत लपतो.

दोन नर एकत्र कधीच नकोत. आरशात स्वतःला पाहूनही हा कल्ल्यांची झाकणं फुलवतो, त्यामुळे आरसा टाकीजवळ कायमचा ठेवू नका.

बाप म्हणून मात्र तो लाखात एक. तोंडाने बुडबुडे सोडून पाण्यावर घरटं बांधतो, खाली पडलेली अंडी तोंडात धरून परत वर नेऊन ठेवतो. मादी नसतानाही घरटं दिसेल, पण ते पाणी चांगलं असल्याचा पुरावा नव्हे. दर आठवड्याला साधारण चौथा हिस्सा पाणी बदला, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवूनच, आणि शक्यतो घरटं न मोडता.